बॅग बेल्टवर गेली की शिक्का गेला

पत्र असं आहे:

"ताई, मी आणि मिस्टर (वय ६२ आणि ६७) मे महिन्यात टूरबरोबर युरोपला निघतोय. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, मग इटली. टूर रोमला संपली की तिथून विमानाने म्युनिकला लेकीकडे दहा दिवस, आणि परतीचं विमान म्युनिक ते मुंबई थेट. सगळे म्हणतात तिकडच्या खरेदीवरचा टॅक्स परत मिळतो, शेजारचे तर म्हणतात पूर्ण वीस टक्के. पण माझ्या नणंदेने गेल्या वर्षी फॉर्म भरून आणले ते अजून तिच्या कपाटात आहेत, एक पैसा आला नाही. टूरवाले म्हणतात पॅरिसमध्येच उरकून घ्या. लेक म्हणते आई तू डोक्याला ताप करून घेऊ नको, मीच माझ्या नावावर घेते. मला पॅरिसहून एक पर्स घ्यायचीय, मिस्टरांना स्वित्झर्लंडचं घड्याळ, आणि म्युनिकहून चांगल्या सुऱ्या नि एक भांडं. हे कुठे, कधी आणि कोणाला दाखवायचं? आणि या वयात त्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ आहे का? — गोंधळलेली काकू, डोंबिवली"

काकू, आधी नणंदबाईंच्या कपाटातले ते फॉर्म बाहेर काढायला सांगा आणि त्यावर कस्टमचा शिक्का आहे का ते बघा. असेल तर अजून आशा आहे, फॉर्मवर नंबर असतो तो रिफंड देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून काय झालंय ते बघता येतं आणि कागद पाठवायचा राहिला असेल तर पाकिटावरच्या पत्त्यावर पाठवून बघता येतो. शिक्का नसेल तर मात्र ती रद्दी आहे. आणि मला खात्री आहे की नसणारच, कारण दहातल्या आठ जणांचं घोडं तिथेच अडतं. दुकानात फॉर्म हौसेने भरून घेतात, पाकिटात जपून ठेवतात, विमानतळावर सवयीने आधी चेक-इन करून बॅग देऊन टाकतात आणि मग हलक्या हाताने कस्टमच्या खिडकीवर जातात. तिथला माणूस विचारतो, वस्तू कुठे आहे? वस्तू बेल्टवरून खाली विमानाकडे निघालेली. संपलं.

आमच्या घरात हे झालेलं आहे बरं का, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय. आईबाबांना तिकडच्या विमानतळावर सोडायला मी स्वतः गेले होते, मोठी शहाणी, हातात फॉर्मची फाइल, आणि गप्पांच्या नादात दोन्ही बॅगा मीच उचलून काट्यावर ठेवल्या. एकतीस युरो गेले. बाबा अजून दर दिवाळीला आठवण काढतात.

तर मुळात हे काय आहे ते थोडक्यात. तिकडे आपल्या जीएसटीसारखा व्हॅट असतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. फ्रान्समध्ये २० टक्के, जर्मनीत १९, इटलीत २२. तुम्ही तिथे राहत नाही आणि वस्तू वापरणार आहात डोंबिवलीत, म्हणून तो कर तुम्हाला माफ. पण वस्तू खरंच युरोपियन युनियनच्या बाहेर गेली हे कस्टमने डोळ्यांनी बघून शिक्का मारल्याशिवाय माफी नाही. सगळी भानगड या एका वाक्यात आहे. म्हणूनच हॉटेल, ट्रेनचं तिकीट, रेस्टॉरंटचं बिल यावर काही मिळत नाही, ते तुम्ही तिथेच संपवून आलात. आणि म्हणूनच पर्सचा टॅग काढून ती टूरभर खांद्याला लावून फिरायचं नाही, वस्तू न वापरलेली हवी. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानाचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळं प्रकरण, तिथे फॉर्म मागत बसू नका.

शेजारच्यांच्या वीस टक्क्यांचं सांगते. वीस टक्के हा कर मूळ किमतीवर असतो, तुम्ही देता त्या किमतीवर नाही. पर्स समजा २४० युरोची, तर त्यात मूळ किंमत २०० आणि कर ४०. म्हणजे इथेच ते साडेसोळा टक्क्यांवर आलं. मग मधे ती रिफंड करणारी कंपनी असते, ग्लोबल ब्लू किंवा प्लॅनेट ही दोन नावं तुम्हाला बहुतेक दुकानांच्या दारावर दिसतील, त्या आपला चार्ज कापतात. फ्रान्समध्ये हातात येतात ते साधारण १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमच्या पर्सवर अठ्ठावीस एक युरो. रोख घेतलेत तर त्यातूनही थोडे आणखी कापतात. शेजाऱ्यांना सांगू नका, त्यांना वीस मिळाल्याच्या आनंदात राहू द्या.

आता तुमचा रूट. लंडनला काही मिळणार नाही, तिथे २०२१ च्या सुरुवातीपासून पर्यटकांची ही सोय बंद आहे, त्यामुळे तिथे खरेदी करायची तर मनापासून आवडली म्हणून करा.

पॅरिसला एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी झाली पाहिजे तरच फॉर्म मिळतो, तिथे त्याला 'देताक्स' म्हणतात, काउंटरवर नुसतं तेवढं म्हटलं तरी कळतं. तुम्ही दोघं मिळून घेत असाल तर एकाच पासपोर्टवर एकच बिल करा, दोघांच्या नावावर साठ-साठची दोन बिलं झाली तर दोन्ही फुकट. पण टूरमधल्या चार बायकांनी मिळून एकीच्या नावावर बिल फाडायचं नाही, हे टूरवर सर्रास करतात आणि मग विमानतळावर जिच्या नावावर बिल तिच्या बॅगेत वस्तू नसते, कारण ती दुसरीच्या बॅगेत नाशिकला निघालेली असते. पासपोर्ट मूळ लागतो, काही दुकानांत मोबाइलवरचा फोटो चालवून घेतात पण त्या भरवशावर जाऊ नका. आणि मूळ पासपोर्ट घेऊन पॅरिसच्या मेट्रोत शिरायचं तर तो कुठे ठेवायचा हे तुम्हाला मी सांगायला नको, लोकलने जन्म गेलाय तुमचा.

टूरवाले म्हणतात पॅरिसमध्येच उरकून घ्या, ते त्यांच्या इतर ग्रुपसाठी बरोबर असेल, जे पॅरिसहून थेट मुंबईला उडतात. त्या विमानतळावर पाब्लो नावाची मशीन आहेत, फॉर्मवरचा बारकोड दाखवला की हिरवा पडदा येतो आणि काम झालं, शिक्क्याचीही गरज नाही. पण तुम्ही पॅरिसहून निघून स्वित्झर्लंडमार्गे इटलीला आणि मग जर्मनीला जाणार, म्हणजे पुन्हा युनियनमध्येच. शिक्का मिळतो तो वस्तू युनियन सोडते त्या शेवटच्या ठिकाणी, तुमच्या बाबतीत म्युनिक. फ्रान्सचा फॉर्म, इटलीत काही घेतलंत तर इटलीचा फॉर्म, जर्मनीचे फॉर्म, सगळे म्युनिकला एकाच खिडकीवर. फक्त पॅरिसच्या दुकानात फॉर्म कागदावरच मागून घ्या, मोबाइलवर पाठवतो म्हणाले तरी, कारण ते पाब्लो मशीन जर्मनीत नाही, तिथला अधिकारी कागदावर खराखुरा शिक्का मारणार. मुदतीची काळजी नको, खरेदीच्या महिन्यानंतरचे तीन महिने संपेपर्यंत वस्तू बाहेर न्यायची असते, मे महिन्यातली खरेदी ३१ ऑगस्टपर्यंत चालते.

अजून एक, पॅरिसच्या मोठ्या दुकानांत तुम्हाला म्हणतील की आत्ताच रोख घेऊन जा. छान वाटतं ऐकायला. पण ते तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर तारण म्हणून घेतात आणि ठरलेल्या दिवसांत कस्टमची मोहर त्यांच्यापर्यंत पोचली नाही तर दिलेले पैसे दंडासकट कार्डावरून वळते करून घेतात. तुमचा मुक्काम लांबचा आहे, पुढे दहा दिवस लेकीकडे, तुम्ही या फंदात पडू नका.

घड्याळाचं प्रकरण मात्र वेगळं आहे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. त्यांचा फॉर्म वेगळा, कस्टम वेगळं आणि त्यांचा शिक्का स्वित्झर्लंड सोडतानाच घ्यायचा, म्युनिकला तो फॉर्म काढलात तर तिथला माणूस बघणारही नाही. एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी लागते आणि कर आहे फक्त ८.१ टक्के. ५०० फ्रँकचं घड्याळ घेतलं तर त्यात कर सदतीस फ्रँक, त्यातून चार्ज गेला की राहिले त्याहून कमी. आणि त्यासाठी तुमची पन्नास माणसांची बस इटलीच्या सीमेवर थांबायला हवी, बहुतेक कियासोला, तुम्ही उतरून स्विस कस्टमच्या ऑफिसात जाऊन शिक्का घ्यायला हवा. टूर मॅनेजरला घड्याळ घ्यायच्या आधीच विचारा, बस थांबवणार का आणि ज्या वेळी आपण पोचू तेव्हा ऑफिस उघडं असेल का. हो म्हणाला तर घ्या फॉर्म, नाहीतर ते पैसे विसरून जा, त्यापायी सगळ्या बसचा रोष ओढवून घेऊ नका, पुढचे चार दिवस त्याच लोकांबरोबर इडली-सांबार खायचाय. घड्याळ महागडं असेल तर अजून एक गोष्ट, बाहेरून युनियनमध्ये रस्त्याने शिरताना माणशी ३०० युरोपर्यंतचाच माल बिनशुल्क नेता येतो, त्यावर असेल तर इटलीच्या बाजूला आपणहून सांगा की भारतात नेतोय, बिल दाखवा. लपवायचं काही नाही.

हे तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण झ्युरिकहून घरी उडतात म्हणून सांगते. पॅरिस किंवा मिलानची खरेदी असेल तर शिक्का युनियनची सीमा ओलांडतानाच घ्यायला हवा, ट्रेन असो की बस. झ्युरिकच्या विमानतळावर युनियनचं कस्टम नाही, तिथे पोचल्यावर आठवून काही उपयोग नाही. तसंच ज्यांचं विमान रोमहून फ्रँकफर्ट करून मुंबईला आहे त्यांनी चेक-इन बॅगेतल्या वस्तूंचा शिक्का रोमलाच घ्यायचा, कारण ती बॅग तिथून थेट मुंबईला जाते, आणि हातातल्या बॅगेतल्या वस्तूंचा फ्रँकफर्टला. दोहा, दुबईमार्गे असेल तर जे काय ते युरोपातल्या विमानतळावरच.

आता लेकीचं. तिला प्रेमाने सांगा की बाई गं, तुझ्या नावावर शून्य मिळणार. पासपोर्ट भारताचा असून उपयोग नसतो, ती जर्मनीत राहते, तिच्याकडे तिथलं परमिट आहे, त्यामुळे ती कायद्याने तिथली रहिवासी आणि ही सवलत रहिवाशांना नाही. बिल आणि फॉर्म तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर, पैसेही शक्यतो तुमच्याच कार्डाने, आणि पत्ता डोंबिवलीचा. हे पत्त्याचं मी मुद्दाम सांगतेय कारण दुकानात विचारतात ॲड्रेस काय आणि आपण भोळेपणाने आत्ता जिथे उतरलोय तो लिहितो, लेकीचा म्युनिकचा. मग कस्टमवाला म्हणणार तुम्ही तर इथलेच. तिला बरोबर न्या, जर्मन बोलायला आणि पिशव्या धरायला. जर्मनीत एका बिलावर ५० युरोच्या वर खरेदी लागते, म्हणजे सुऱ्या आणि भांडं एकाच दुकानातून एकाच बिलावर घेतलंत तर बरं. १८० युरोचं बिल झालं तर हातात अठरा-वीस युरो धरा. काही दुकानं मधली कंपनी न घेता स्वतःचाच निर्यातीचा कागद देतात, त्यावर शिक्का मारून तो परत दुकानात पोचला की कर परत करतात. तिथे तुमची लेक उपयोगी पडेल, शिक्का मारलेला कागद विमानतळावरच तिच्या हातात द्या आणि ती नेऊन देईल, पैसे कसे देणार ते मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.

आणि आता सुऱ्या. काकू, तुम्ही नेमकी तीच वस्तू निवडलीत जी हातातल्या बॅगेत नेताच येत नाही! पर्स हातात नेता येईल, सुऱ्या चेक-इन बॅगेतच जाणार. म्हणून म्युनिकला क्रम असा ठेवा. घरून निघतानाच ज्या वस्तूंचे फॉर्म आहेत त्या सगळ्या एकाच बॅगेत, सगळ्यात वर, म्हणजे पापडाच्या डब्यासारखं सगळं उपसावं लागणार नाही. पर्सही त्यातच टाका, दोन ठिकाणी रांग नको. फॉर्मवर नाव, पासपोर्ट नंबर, सही सगळं आदल्या रात्री भरून ठेवा, मूळ बिलं त्याला जोडलेली. विमानतळावर साडेतीन-चार तास आधी पोचा. चेक-इन काउंटरवर गेल्या गेल्या, बॅग काट्यावर ठेवायच्याही आधी सांगा की या बॅगेत टॅक्स फ्रीचं सामान आहे, कस्टमला दाखवायचंय. काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास देईल, बॅगेला टॅग लावेल आणि बॅग तुम्हाला परत देईल. मग ती ढकलत कस्टमकडे जायचं, जर्मनीत कस्टमला म्हणतात त्सोल. पाटीवर इंग्रजी अक्षरांत असं लिहिलेलं असतं की आपली माणसं हमखास 'झोल' वाचतात, तेच ते, घाबरू नका, झोल नाही, तिथेच जायचंय. पासपोर्ट, बोर्डिंग पास, फॉर्म, बिलं समोर ठेवा. कधी बॅग उघडायला लावतात, कधी नुसतं विचारून शिक्का मारतात, पण उघडायची तयारी असू द्या, किल्ली मिस्टरांच्या खिशात आणि मिस्टर कॉफी आणायला गेलेत असं नको. शिक्का झाला की बॅग तिथूनच पुढे विमानाकडे पाठवायची सोय असते, कुठे ठेवायची ते तेच सांगतात.

शिक्का मिळाल्याबरोबर प्रत्येक फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढा. लगेच, तिथेच उभं राहून. मग पैसे दोन प्रकारे मिळतात, रोख किंवा कार्डावर. रोखीच्या खिडकीवर अजून एक रांग असते, फॉर्ममागे जास्तीचा चार्ज असतो आणि रुपये हवेत का असं विचारतात त्याला हो म्हणालात की दरात आणखी मार. मी तरी कार्डावर घेते. फॉर्मवर क्रेडिट कार्डाचा नंबर लिहून, पाकिटात घालून त्याच कंपनीच्या पेटीत टाकायचं, दोन कंपन्यांची पाकिटं एकमेकांच्या पेटीत टाकू नका. काही आठवड्यांत जमा होतात. फॉरेक्स कार्डाचा नंबर देऊ नका, परत आल्यावर ते कार्ड आपण बंद करून टाकतो आणि मग पैसे कुठे गेले ते शोधत बसायचं.

मुंबईला उतरल्यावर आपलं कस्टम आहेच, आणि युरोपात कर परत मिळाला म्हणून इथला माफ होत नाही. बिनशुल्क सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती, हे आकडे सरकार बदलत असतं, निघण्याआधी कस्टमच्या साइटवर त्या दिवशीचा बघून घ्या. पर्स आणि सुऱ्यांनी काही होत नाही, प्रश्न आला तर मिस्टरांच्या घड्याळाचा येईल. दुकानाच्या बिलाची एक प्रत किंवा फोटो जवळ ठेवा, नाहीतर किंमत अधिकारी ठरवणार.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रांगेत उभं राहण्यात अर्थ आहे का. हिशोब करू. पर्सचे अठ्ठावीस आणि म्युनिकच्या बिलाचे अठरा, म्हणजे सेहेचाळीस युरो, युरो ढोबळ शंभर रुपये धरला तर साडेचार हजारांच्या वर. त्यासाठी एका ठिकाणी एकच रांग, कधी पंधरा मिनिटं कधी तास. मला वाटतं अर्थ आहे, लेक सोडायला येणारच आहे, बॅग ती ढकलेल, तुम्ही खुर्चीत बसा आणि नंबर आला की उठा. पण साठ युरोच्या अत्तरावर पाच-सहा युरो सुटावेत म्हणून ही मिरवणूक काढायची नाही. आणि रिफंडचा आकडा गाठायला अजून चाळीस युरोचं काहीतरी उचलायचं, हे तर मुळीच नाही, दुकानातली मुलगी गोड हसून हेच सुचवणार आहे. त्या दिवशी गुडघे दुखत असतील, ट्रॅफिकमध्ये उशीर झाला असेल, तर सरळ गेटकडे निघा, फॉर्म फाडून टाका. कपाटात ठेवू नका, तिथे नणंदबाईंचे आहेत तेवढे पुरे.

सुऱ्या मात्र घ्याच. आईच्या त्या एकतीस युरोवाल्या अजून कोथिंबीर अशी चिरतात की काय सांगू.